ऑपरेशनच्या ब्लेडचा नंबर मोठा म्हणजे पातं मोठं?

बडोद्याच्या नर्सिंग होम्समध्ये ऑपरेशनची ट्रे लावायला शिकणाऱ्यांच्या कानावर हा समज पडतोच. तो चुकीचा आहे. नंबर पात्याची घडण सांगतो, लांबी नव्हे.

10 नंबरची धार गोलाई घेतलेली, त्वचेवरच्या नेहमीच्या छेदासाठी. 15 ची घडण तशीच, पण पातं चक्क 10 पेक्षा लहान. चेहरा, लहान गाठी, मुलांची ऑपरेशनं यांसाठी तेच मागा. 11 सरळ धारेचं, टोकदार: गळू फोडायला किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशनचा पोर्ट (दुर्बीण, अवजारं आत सरकवायची नळी) घालायला. त्यानं लांब छेद घेऊ नये, कारण कापतं फक्त टोक आणि खोलीवर ताबा राहत नाही.

नंबरावरून हँडलही कळतं. 10, 11, 12, 15 हे 3 नंबरच्या हँडलवर. 20 ते 24 हे 4 नंबरच्या. पोटाच्या मोठ्या छेदाला 22 घ्यायचं, तर ट्रेमध्ये 4 चं हँडल हवंच. चुकीच्या हँडलवर पातं नीट बसत नाही, हलतं आणि जखमेत निसटू शकतं. जबरदस्तीनं बसवू नका.

ब्लेड चढवताना बोटं वापरू नयेतच. नीडल होल्डरनं (सुई धरायच्या चिमट्यानं) बोथट पाठीकडून धरा, धार स्वतःपासून दूर ठेवा, खाचेत सरकवा. ‘टक्’ आवाज आला की बसलं.