कालवा-बेसिनचा पुनर्विकास

नौवहनाचा कालवा शहरात जिथे संपतो किंवा दुसऱ्या कालव्याला मिळतो, तिथे माल चढवण्या-उतरवण्यासाठी आणि बोटी वळवण्यासाठी पाण्याचा एक रुंद भाग बांधून काढलेला असतो. त्याला बेसिन म्हणतात. (नदीच्या खोऱ्यासाठीही हाच शब्द वापरतात, इथला अर्थ गोदीच्या अधिक जवळचा.) अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोप आणि उत्तर अमेरिकेत अशा बेसिनांभोवती गोदामे, कोळशाच्या वखारी, चुनाभट्ट्या आणि गॅसचे कारखाने उभे राहिले. आधी रेल्वेने आणि मग मालमोटारींनी त्यांचा धंदा नेला. मागे राहिली ती ऐन शहरातली पडीक जमीन आणि तिच्या मधोमध साचलेले पाणी. या परिसराला राहणे, काम करणे, फिरणे आणि नौकाविहार यांसाठी पुन्हा वापरात आणण्याचे नियोजन म्हणजे कालवा-बेसिनचा पुनर्विकास.

अशा नियोजनात हमखास होणारी चूक म्हणजे काठावरच्या भूखंडांपासून सुरुवात करणे. इमारतींचे आराखडे पक्के होतात आणि पाणी चित्रात निळ्या रंगाने भरले जाते. बेसिन हा मुळात जलअभियांत्रिकीचा भाग आहे. त्याची पातळी ठरलेली असते. पाणी दूरच्या तलावांतून किंवा नद्यांतून येते आणि जादा झालेले सांडव्यावरून जाते. इंग्लंडमधल्या अरुंद कालव्यांवर एक बोट लॉकमधून, म्हणजे कालव्याच्या दोन पातळ्यांना जोडणाऱ्या दरवाजांच्या हौदातून, चढवायची किंवा उतरवायची तर दर वेळी साधारण एक लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात जाते. त्यामुळे नव्या छपरांवरचे पावसाचे पाणी बेसिनमध्ये सोडणे वरवर सोयीचे वाटले, तरी सांडवा तेवढे पाणी पेलतो का आणि ते पुढे कुणाच्या दारात जाते, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

बेसिनचा तळ ही त्याहून नाजूक बाब. जुन्या कालव्यांना मळलेल्या चिकणमातीचे अस्तर असते. ही माती ओली असेपर्यंतच पाणी धरते. वाळली की तडकते. बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) टाकून बेसिन वेगळे काढले आणि उपसून महिनोन्‌महिने कोरडे ठेवले, तर अस्तर जाते. शिवाय काठाच्या भिंतींना समोरून पाण्याचा आधार असतो. तो काढला की मागच्या ओल्या मातीचा सगळा भार भिंतीवर येतो. लंडनचे पॅडिंग्टन बेसिन १८०१ मध्ये सुरू झाले. २०००च्या सुमारास पुनर्विकासासाठी ते असेच रिकामे करून साफ करण्यात आले. भिंतीलगत खोल पाया खणायचा असेल तर त्याचा क्रम पाण्याच्या वेळापत्रकाशी जुळवावा लागतो. उलटे करून चालत नाही.

गाळ हा या विषयातला सर्वांत खर्चिक आणि वादाचा मुद्दा. गॅस कारखान्यांचा डांबरी कचरा, जड धातू आणि सांडपाणी शतकभर तळाशी बसत आलेले असते. तो उपसायचा की तसाच झाकून ठेवायचा? न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधला गोवानस कालवा पहिल्या वाटेचे उदाहरण आहे. २०१० मध्ये तो अमेरिकेच्या सुपरफंड यादीत, म्हणजे सफाईसाठी निवडलेल्या अतिदूषित जागांच्या यादीत, गेला आणि २०२० च्या अखेरीस प्रत्यक्ष गाळउपसा सुरू झाला. तिथल्या गाळाला लोक ‘काळे मेयोनीज’ म्हणतात. जोरदार पावसात मलवाहिन्या कालव्यात ओसंडतात. त्या थोपवण्यासाठी दोन भूमिगत टाक्या बांधणे हाही सफाईचाच भाग आहे, कारण वरून घाण येतच राहिली तर तळ साफ करण्याला अर्थ उरत नाही. काठावर उंच निवासी इमारतींना वाट देणारा झोनबदल (जमीनवापराच्या नियमांतला बदल) २०२१ मध्ये मंजूर झाला. माँट्रियलच्या लाशीन कालव्याने दुसरी वाट धरली. १८२५ मध्ये सुरू झालेला आणि १९७० मध्ये बंद पडलेला हा कालवा २००२ मध्ये हौशी बोटींसाठी पुन्हा खुला झाला, पण दूषित गाळ जागच्या जागी ठेवून. तो ढवळला जाऊ नये म्हणून बोटींच्या वेगावर मर्यादा आहे. या निवडीने पुढचे सगळेच बदलते. गाळ तसाच ठेवलेल्या पाण्याकाठी पोहण्याच्या घाटाची चित्रे छापणे हा अप्रामाणिकपणा ठरतो.

बेसिन हे बहुधा कालव्याचे बंद टोक असल्याने पाणी हलत नाही. उन्हाळ्यात शेवाळ धरते, तरंगता कचरा एका कोपऱ्यात गोळा होतो. यंत्राने पाणी फिरवता येते, मात्र यंत्र कुणीतरी सांभाळावे लागते. गोवानसचे साचलेले पाणी हलवण्यासाठी १९११ मध्ये बोगदा सुरू केला होता. साठच्या दशकात त्याची यंत्रणा बंद पडली आणि १९९९ पर्यंत ती बंदच होती. देखभालीचा पैसा कुठून येणार, हे मंजुरीच्या अटींतच लिहून घेणे म्हणूनच शहाणपणाचे. पाणी एका संस्थेचे, काठ दुसऱ्याचा, पूल तिसऱ्याचा ही नेहमीची स्थिती. इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक कालवे २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत, तर पॅरिसचे कालवे महापालिकेच्या मालकीचे. पॅरिसच्या बासँ द ला व्हिलेत या बेसिनमध्ये २०१७ पासून उन्हाळ्यात पोहण्याची सोय आहे. १८०२ च्या हुकमाने खोदायला घेतलेला, या बेसिनला पाणी आणणारा ऊर्क कालवा मुळात शहराला पिण्याचे पाणी देण्यासाठी होता, हे लक्षात घेतले की त्याचे फारसे नवल वाटत नाही.

वारसा जपायचा म्हणजे फक्त विटांचे दर्शनी भाग जपायचे नव्हेत. बर्मिंगहॅमच्या गॅस स्ट्रीट बेसिनमध्ये वुस्टर बार नावाचा सात फूट रुंद बांध आहे. दोन कालवा कंपन्यांच्या पाण्यावरच्या भांडणातून तो उभा राहिला. १८१५ मध्ये त्यात लॉक बांधेपर्यंत माल या बांधावरून हाताने पलीकडच्या बोटीत टाकावा लागे. नियोजनाच्या नकाशावर तो निव्वळ अडथळा दिसतो. जागेवर गेल्यावर मात्र सगळ्या बेसिनचा इतिहास त्याच्यातच सापडतो. शेफील्डच्या बेसिनवर एक गोदाम चक्क पाण्यावर पाय रोवून उभे आहे, म्हणजे बोट त्याच्या खाली शिरत असे. मँचेस्टरच्या कॅसलफील्ड या बेसिन-परिसराला १९८२ मध्ये नागरी वारसा उद्यान म्हणून घोषित करण्यात आले आणि मोठी बांधकामे त्यानंतर आली. हा क्रम अनुकरणीय आहे.

बोटी हा विषय आराखड्यांत शेवटी येतो, तो आधी यायला हवा. अरुंद कालव्याची बोट सत्तर फुटांपर्यंत लांब असते. ती वळवायला जागा लागते आणि नव्या पुलाखालून जायला उंची. पॅडिंग्टनचा २००४ मधला रोलिंग ब्रिज गुंडाळून अष्टकोन होतो; गंमत म्हणून लोक तो पाहायला जातात, पण पादचारी पुलाने पाणी अडवू नये हा प्रश्न खराच आहे. बोटींवर कायम राहणारी माणसेही असतात. त्यांना पाण्याचा नळ, मैला रिकामा करण्याची जागा आणि छतावरच्या सौर पट्ट्यांसाठी ऊन लागते. उत्तर गोलार्धात दक्षिण काठावर उंच मनोरे रचले की हिवाळ्यात बेसिन दिवसभर सावलीत जाते.

काही शहरांनी पाणी बुजवूनच टाकले होते. नेदरलँड्सच्या उट्रेख्तमध्ये जुन्या शहराभोवतीच्या कातरेनसिंगल खंदकाच्या एका भागात सत्तरच्या दशकात मोटाररस्ता झाला. ते बेसिन नव्हे, तरी प्रश्न तोच. २००२ च्या सार्वमतात नागरिकांनी पाणी परत आणणारा आराखडा निवडला आणि खंदकाचे कडे सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा जुळले.