नामवंत वाइड रिसीव्हर आणि तळाचे संघ : पार्श्वभूमी

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने दूरवर फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणे, हे वाइड रिसीव्हरचे मुख्य काम असते. सतत हरणाऱ्या संघाने अशा एका खेळाडूवर मोठी रक्कम आणि ड्राफ्टमधली (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेतली) मोलाची निवड खर्च करावी का, या वादाला आजचे रूप दोन निर्णयांमुळे आले. १९७८ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगने स्क्रिमेज रेषेपासून (जिथून प्रत्येक चाल सुरू होते त्या रेषेपासून) पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवण्यास बचावपटूंना मनाई केली, त्यामुळे फेकीचा खेळ फोफावला आणि रिसीव्हरचे मोल वाढले. १९९४ मध्ये मात्र संघाच्या एकूण वेतनावर ३ कोटी ४६ लाख डॉलरची मर्यादा आली. तेव्हापासून एकाला दिलेले जादा पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून काढावे लागतात.

या वादात डेट्रॉइट लायन्सचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००३ मध्ये चार्ल्स रॉजर्स, २००४ मध्ये रॉय विल्यम्स आणि २००५ मध्ये माइक विल्यम्स असे तीन रिसीव्हर या संघाने लागोपाठ पहिल्या फेरीत निवडले, आणि २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड पुन्हा रिसीव्हरवरच, म्हणजे कॅल्विन जॉन्सनवर, खर्च केली. पुढच्याच हंगामात संघ सोळाच्या सोळा सामने हरला. जॉन्सनच्या खेळात खोट काढायला जागा नाही. २०१२ मध्ये त्याने १,९६४ यार्ड मिळवून जेरी राइसचा १,८४८ यार्डांचा विक्रम मोडला. तरीही त्या वर्षी लायन्सला चारच विजय मिळाले. नऊ हंगामांनंतर तो निवृत्त झाला तेव्हा प्लेऑफमधला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीतला, एकही विजय त्याच्या नावावर नव्हता. इतक्या मोठ्या खेळाडूच्या वाट्याला हे यावे, याची हळहळ वाटते.

रँडी मॉसची कारकीर्द हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने दाखवते. २००५ मध्ये तो ओकलंडकडे गेला आणि त्या संघाने दोन हंगामांत अनुक्रमे चार व दोन सामने जिंकले. तिथे त्याचे मन रमले नव्हते, हेही खरे. परंतु २००७ मध्ये न्यू इंग्लंडने चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात त्याला घेतले, तेव्हा टॉम ब्रेडीच्या फेकींवर त्याने २३ टचडाउनचा (प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू मिळवून केलेल्या गुणांचा) विक्रम केला आणि संघाने साखळीतले सर्व १६ सामने जिंकले. चेंडू फेकणारा आणि त्याला फेकीसाठी वेळ मिळवून देणारी आक्रमक फळी आधीपासून असेल, तरच रिसीव्हरवरचा खर्च फळाला येतो, असे माझे मत या इतिहासावरून बनले आहे.

याला छेद देणारे उदाहरण म्हणून सिनसिनाटीकडे बोट दाखवले जाते. २०२० मध्ये चारच सामने जिंकलेल्या या संघाने २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पेनेई स्यूएल हा टॅकल, म्हणजे आक्रमक फळीतला खेळाडू, उपलब्ध असताना जमार चेसला निवडले आणि त्याच हंगामात सुपर बोल गाठला. चेसचा महाविद्यालयीन सहकारी, क्वार्टरबॅक जो बरो, मात्र तिथे आधीच होता. आणि त्या अंतिम सामन्यात कमकुवत फळीमुळे बरो सात वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, व संघ तीन गुणांनी हरला. स्यूएलला दोनच क्रमांकांनंतर डेट्रॉइटने उचलले. फळी भक्कम करत गेलेल्या त्या संघाने २०२३ च्या हंगामात, १९९१ च्या हंगामानंतर प्रथमच, प्लेऑफचा सामना जिंकला.

२०२४ मध्ये चेस झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला, पण सिनसिनाटी सलग दुसऱ्या वर्षी प्लेऑफबाहेर राहिले. मार्च २०२५ मध्ये संघाने त्याच्याशी चार वर्षांचा १६ कोटी १० लाख डॉलरचा वाढीव करार केला; त्या वर्षीची वेतनमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती.