कॉरोनर गेला, ‘ताबा’ राहिला

मुंबईत कोणी अपघातात किंवा संशयास्पद रीतीने गेलं की शवागाराच्या बाहेर थांबलेल्या घरच्यांच्या कानावर एकच शब्द पुन्हापुन्हा पडतो : ताबा. ताबा कधी मिळणार, ताबा कोण घेणार, पावतीवर सही कोणाची. हा शब्द मुद्देमालाचा. जप्त केलेली मोटारसायकलही ताब्यातच मिळते. मृतदेह नातेवाइकांना परत देण्याविषयी आपला कायदा इतका मुका कसा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८७१ च्या कॉरोनर कायद्याने इलाखा शहरांतल्या कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कामाची घडी बसवली. मद्रासचं हे पद १८८९ मध्ये गेलं. मुंबईत मात्र ते टिकलं. पाच ते पंधरा जणांची ज्युरी बसे आणि पहिल्याच बैठकीत कॉरोनरसह तिने देह प्रत्यक्ष पाहावा, असा मूळ दंडक होता. याच कायद्यात आणखी एक साधी तरतूद होती : चौकशी संपली की, किंवा ती लांबणार असेल तर त्याआधीच, कॉरोनरने देहाच्या दफनाचा हुकूम द्यावा. शब्द दफनाचाच, कारण नमुना इंग्लंडचा. बहुसंख्य लोक दहन करतात त्या शहरातही तो तसाच राहिला. पण चौकशीसाठी देह अडवून ठेवायचा नाही आणि तो सोडायची जबाबदारी एका ठरावीक माणसाची, एवढं तरी त्यात लिहिलेलं होतं.

१९९९ मध्ये मुंबईतलं कॉरोनरचं पद रद्द झालं. दुहेरी यंत्रणा, वेळकाढूपणा, एकाच मृत्यूची पोलिसांकडे एक आणि कॉरोनरकडे दुसरी फाइल, अशी कारणं त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. मात्र पदाबरोबर देह सोडण्याविषयीचं ते एक वाक्यही गेलं, याची फारशी चर्चा झाली नाही. मुंबई उर्वरित महाराष्ट्राच्या ओळीत आली : फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, अकस्मात मृत्यूची नोंद, दोन पंच, देहाची स्थिती नोंदवणारा इन्क्वेस्ट पंचनामा.

हे कलम १८९८ च्या संहितेत होतं. १९७३ च्या संहितेत ते त्याच क्रमांकाने आलं आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झालं. देह सिव्हिल सर्जनकडे पाठवताना हवामान आणि अंतर पाहावं, वाटेत तो कुजून तपासणी निरर्थक होऊ नये, ही बैलगाडीच्या काळातली काळजी अजून जशीच्या तशी आहे. नव्या संहितेने पोलिसांचा अहवाल २४ तासांत पाठवायला सांगितलं. घरच्यांना देह किती तासांत द्यायचा, याचा आकडा या कलमात आजही नाही. देह नेण्याचं सगळं लिहिलंय, देण्याचं नाही.

देह द्यायचा कोणाला, हेही तिथे नाही. कोठडीतील मृत्यूच्या चौकशीच्या कलमात नातेवाईक म्हणजे आई-वडील, मुलं, भावंडं आणि पती-पत्नी अशी व्याख्या आहे. पण ती चौकशीला हजर राहू देण्यापुरती. खरी अडचण लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत गेलेल्या बाईच्या बाबतीत होते. १९८३ च्या दुरुस्तीनंतर अशा आत्महत्येत किंवा संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदन ठरलेलं. पंचनाम्याला तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येईपर्यंत खोळंबा. मग ताबा सासरचा की माहेरचा? नवरा कायद्याने जवळचा, आणि बऱ्याचदा संशयितही तोच. अंमलदार मग बापाला किंवा भावाला पुढे बोलावतो. माहेरच्यांनी सासरच्या दारातच चिता रचल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या या न लिहिलेल्या जागेतून येतात.

‘ताबा’ शब्दाचा गुंता खरा इथे आहे. पावतीवर सही घेताना बहुतेक वेळा त्याच टेबलावर जबाबही होतो आणि त्यात ‘माझा कोणावर संशय नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही’ ही ठरावीक ओळ येते. रात्रभर जागलेला माणूस दोन्ही कागदांवर सही करतो. कायद्याच्या नजरेत हे दोन वेगळे कागद. लोकांच्या नजरेत ताबा घेतला म्हणजे प्रकरण मिटलं. म्हणूनच ‘आरोपींना अटक होईपर्यंत मृतदेह ताब्यात घेणार नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात आंदोलनाची भाषा बनलं. प्रशासन त्याला अडवणूक म्हणतं. माझ्या मते घरच्यांकडे दबावाची तेवढी एकच गोष्ट उरलेली असते. राजस्थानने २०२३ मध्ये कायदा करून ताबा नाकारणं आणि मृतदेहासह आंदोलन करणं हे दोन्ही शिक्षेला पात्र ठरवलं.

उशिराचं दुसरं कारण सूर्यास्त. रात्री शवविच्छेदन नको, हा रिवाज दिव्याच्या उजेडात जखमांचे रंग नीट दिसत नाहीत म्हणून पडलेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही परवानगी दिली. अवयवदान सोपं व्हावं हाही हेतू होता. पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले देह आणि घातपाताचा संशय एरवी वगळले. ज्यांच्या घरचे सर्वांत जास्त ताटकळतात, त्यातले बरेचसे या यादीतच आहेत.

ताबा मिळाला तरी एक भाग मागे राहतो. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो आणि मृत्यूच्या कारणापुढे ‘मत राखून ठेवले’ असा शेरा पडतो. अंत्यविधी उरकतो, दहावं-तेरावं होतं, आणि विम्याच्या कागदांसाठी घरातलं कोणीतरी पुन्हा त्याच पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतं.