साडेआठला थांबणारी पोटदुखी

सकाळचे सहा वीस. नववीतला मुलगा बाथरूममध्ये शिरलाय तो बाहेर यायचं नाव घेत नाही. खाली रिक्षावाल्या काकांचा हॉर्न दोनदा वाजून गेला. आई दार ठोठावते, आतून आवाज येतो, "आई, खरंच दुखतंय गं." चेहरा उतरलेला, तळहात गार, एकदा उलटीही झालेली. शेवटी बाबाच म्हणतात, "राहू दे आज." रिक्षा निघून जाते. साडेआठला तोच मुलगा पोह्यांची दुसरी बशी मागतो.

बहुतेक घरांत इथं निकाल लागतो: नाटकं करतोय. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली, सगळं नॉर्मल. शिवाय पोट दुखतं ते फक्त शाळेच्या दिवशी, रविवारी नाही. पुरावा पक्का वाटतो. माझ्या मते हा पुरावा आपण उलटा वाचतो.

आधी पोटाकडे पाहू. मेंदूला धोका जाणवला की तो पोटाला विचारत नाही, थेट हुकूम सोडतो. भीतीच्या वेळी मेंदूत सीआरएफ नावाचं रसायन सुटतं. ते एकीकडे ताणाच्या संप्रेरकांची साखळी सुरू करतं आणि दुसरीकडे जठराचं काम मंदावतं, मोठ्या आतड्याची गती मात्र वाढवतं. म्हणजे घास उतरत नाही, मळमळतं आणि त्याच वेळी पुन्हा पुन्हा संडासला जावंसं वाटतं. ॲड्रेनलिन या ताणाच्या संप्रेरकामुळे त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हात गार. त्यात वेळ सकाळची. कॉर्टिसॉल हे संप्रेरक माणूस उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तसंही चढतंच, तुमचं-माझंही. घाबरलेल्या मुलाचा दिवस त्या चढावरच सुरू होतो. 'पोटात गोळा येणे' हा वाक्प्रचार ज्याने घडवला, त्याने हे सगळं स्वतःच्या पोटात अनुभवलेलं असणार.

मग साडेआठला दुखणं थांबतं कसं? धोका टळला म्हणून. रिक्षा गेली, मेंदूतला धोक्याचा भोंगा बंद झाला, पोट पूर्ववत. लगेच थांबणं ही या दुखण्याची खूणच आहे, खोटेपणाची नव्हे.

खरी गोम पुढे आहे. ओ. होबार्ट मॉरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली भीतीचा दुपदरी हिशेब मांडला. आधी एखाद्या गोष्टीची भीती जडते. मग ती गोष्ट टाळली की जी सुटका वाटते, तीच टाळण्याचं बक्षीस ठरते. चॉकलेट देऊन सवय लावावी तशी ही सवय लागते, फक्त इथं चॉकलेट कुणी देत नाही. घरी राहिलं की दुखणं थांबतं, हे शरीर न शिकवता शिकतं. दुसऱ्या दिवशी भोंगा आणखी लवकर वाजतो, काही दिवसांनी रविवारी संध्याकाळीच. आणि बुडालेला प्रत्येक दिवस भीतीला खरीखुरी कारणं पुरवत जातो: वह्या अपुऱ्या, गणिताचा एक धडा पुढे गेलेला, बाकावर शेजारी दुसराच कुणी बसलेला आणि "काय रे, काल का नव्हतास?" हा प्रश्न. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आणि जूनमध्ये शाळा उघडताना हे प्रकार उफाळून येतात, ते उगाच नाही.

शाळा टाळण्यासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. दांडी मारणे, शाळा बुडवणे, कुठे बुट्टी मारणे. पण हे सगळे शब्द दप्तर घेऊन निघालेल्या आणि शाळेत न पोचलेल्या पोराचे आहेत. ज्याच्याविषयी आपण बोलतोय तो घरीच असतो, घरच्यांना ठाऊक असतं, गृहपाठही बऱ्याचदा केलेला असतो. हा फरक डॉक्टरांनी १९३०च्या दशकात टिपायला सुरुवात केली आणि १९४१ साली अमेरिकेत त्याला 'शाळेचा फोबिया' असं नाव मिळालं. पुढे ते मागे पडलं, कारण भीती दर वेळी शाळेचीच नसते. कधी ती आईपासून दूर जाण्याची असते, कधी चारचौघांत हसं होण्याची. आपल्या पंतोजींच्या शाळेने असले भेद केले नाहीत. न येणाऱ्या पोराला चार दांडगी मुलं हातपाय धरून उचलून आणत. त्या उचलबांगडीचा शब्द आता अधिकाऱ्यांच्या बदल्यांपुरता उरला, पण "उचलून नेऊन टाका वर्गात, आपोआप सुधारेल" हा सल्ला अजून फिरत असतोच.

किशोरवयातच हे इतकं चिवट का? १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्याची एक पद्धत बसवली, ती आजही जगभर वापरतात. माणसाला निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे उभं करायचं, भाषण करायला लावायचं, मग १०२२मधून १३ वजा करत जायला सांगायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कॉर्टिसॉल हमखास वाढतं. आपल्याकडे यालाच फळ्यापाशी बोलावणं म्हणतात, आणि ते रोज होतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी लोक आपल्याकडे पाहतायत ही जाणीव सर्वांत तीव्र असते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी लहान मुलं, किशोर आणि प्रौढ अशा तीन गटांना पडद्यावर रंगीत चौकोन दाखवले. एका रंगाबरोबर कर्कश आवाज यायचा. नंतर आवाज बंद केला, चौकोन तसेच दाखवत राहिले. लहान मुलं आणि मोठी माणसं सावरली. किशोरांची भीती मात्र तितकी ओसरली नाही. उंदरांतही तसंच दिसलं. म्हणून "एकदा जाऊन तर बघ, काही होत नाही" हे वाक्य या वयाला अपुरं पडतं. त्याला 'काही होत नाही' हे अनेकदा अनुभवावं लागतं.

आणि झोप. वयात येताना मेंदूतलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, त्यामुळे अकरापर्यंत डोळा लागत नाही आणि सहाला उघडत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने सकाळच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, पण चौथीपर्यंतच्याच. ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे गेलेलं असतं, ती आठवी-नववीची मुलं अजून सातच्या प्रार्थनेला उभी आहेत.

हा प्रश्न किती मोठा होऊ शकतो हे जपानकडे पाहून कळतं. तिथं आजारपण किंवा गरिबी सोडून अन्य कारणांनी वर्षात ३० दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांची सरकार वेगळी मोजणी करतं. २०१३च्या शैक्षणिक वर्षात पहिली ते नववीची अशी सुमारे १ लाख २० हजार मुलं होती, २०२३च्या वर्षात ३ लाख ४६ हजार. आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटात चिंताविकाराचं प्रमाण ३.६ टक्के आढळलं. पण हजेरीपटावरून आपल्याला फारसं उमगणार नाही. क्लासला जाणाऱ्या मुलांची कॉलेजात नुसतीच नावं घालायची सोय असताना, कोण अभ्यासासाठी गैरहजर आणि कोण भीतीने, हे कोण सांगणार?

इलाज आहे, आणि तो बऱ्यापैकी तपासलेला आहे. अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. नुसत्या विचार-वर्तन उपचाराने (म्हणजे बोलण्यातून आणि सरावातून विचार-वागणं बदलण्याने) ६० टक्के मुलं सुधारली, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने ५५, दोन्ही मिळून ८१. खोट्या गोळीवर २४. उपचाराचा गाभा एकच: टाळणं थोडं थोडं कमी करायचं. आज फक्त फाटकापर्यंत. चार दिवस ग्रंथालयात एक तास. मग आवडीचा एकच विषय. येल विद्यापीठातल्या २०२० च्या एका चाचणीत तर मुलाला न भेटता फक्त आईवडिलांना शिकवलं, आणि परिणाम मुलावरच्या उपचाराइतकाच आला. आईवडिलांनी शिकायचं ते साधं दिसतं, करायला अवघड: "दुखतंय हे मला पटतंय" आणि "तरी आपण फाटकापर्यंत जाऊ" ही दोन वाक्यं एका दमात म्हणायची.

त्याआधी एक तपासणी मात्र सोडू नये. कधी भोंगा खराच असतो. वर्गात कुणी छळतंय, मास्तर मारतात, अक्षरं जुळत नाहीत म्हणून वाचताना हसं होतं, मुलींसाठी स्वच्छ संडास नाही. तिथं मुलाला धीट करून भागत नाही, शाळेत जाऊन बोलावं लागतं. बोलायला कुणी नसेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

आपला नववीतला मुलगा अडीच आठवड्यांनी फक्त विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला गेला. रिक्षाने नाही, बाबांच्या स्कूटरवरून, दहा वाजता. त्या दिवशीही सकाळी दुखलंच. थांबलं कधी ते त्याला सांगता आलं नाही. परीक्षानळीतला लिटमस कागद तेव्हा लाल होत होता, एवढं आठवतं.