‘हिट्रा’: पाणबुड्यांची शिकार न केलेली शिकारी नौका

मार्च १९४३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईटला ही नौका पाण्यात उतरली तेव्हा तिला नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता: एससी ७१८. पोलाद मोठ्या युद्धनौकांनाच पुरत नव्हतं, म्हणून अमेरिकी नौदलाने हे ११० फुटी सबचेसर, म्हणजे पाणबुड्यांचा पाठलाग करणाऱ्या छोट्या नौका, लाकडात बांधून घेतले, तेही छोट्या खासगी कारखान्यांत. असे चारशेहून अधिक झाले. मालवाहू जहाजांच्या ताफ्याबरोबर राहायचं, पाणबुडीचा माग काढायचा आणि डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे स्फोटक) टाकायचे, एवढंच त्यांचं काम.

७१८ च्या वाट्याला मात्र ते आलं नाही, आणि त्याचं कारण उत्तर समुद्रात होतं.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर चाल केली. पुढे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरून नॉर्वेजियन खलाशी आपल्याच मासेमारी बोटींतून मायदेशी चोरून फेऱ्या मारू लागले. जाताना हेर, शस्त्रं, रेडिओसंच न्यायचे आणि येताना निर्वासित आणायचे. याच मार्गाला ‘शेटलंड बस’ म्हणत. नॉर्वेतल्या उन्हाळी रात्री उजेडाच्या असतात, त्यामुळे सगळी ये-जा ऐन हिवाळ्यातल्या वादळांत. बोटींचा वेग जेमतेम, विमानाने हेरलं की सुटका कठीण. १९४२-४३ च्या हिवाळ्यात इतक्या बोटी आणि माणसं गेली की हे काम बंद पडायची वेळ आली.

१९४३ च्या शरद ऋतूत अमेरिकेने तीन सबचेसर नॉर्वेजियन नौदलाला दिले: हिट्रा, हेसा आणि विग्रा. ७१८ ची ‘हिट्रा’ झाली आणि कप्तान झाले इंग्वाल्ड आइड्सहाइम. आता वेष पालटून मच्छीमार म्हणून मिरवायची सोय उरली नाही. भरवसा सगळा दोन डिझेल इंजिनांवर. गरज पडली तर वीस नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) वर पळता येई, म्हणजे अंधारात जाऊन अंधारातच बरंच अंतर तोडता येई. माझ्या मते खरा फरक तोफांनी नव्हे, या वेगाने पडला. तिघींनी मिळून शंभरहून जास्त फेऱ्या केल्या, त्यांतल्या चाळीसहून अधिक एकट्या हिट्राच्या. तिघींपैकी एकही बुडाली नाही.

युद्धानंतर ती काही वर्षं नॉर्वेच्या सेवेत राहिली, मग विकली गेली. १९८१ मध्ये स्वीडनच्या कार्ल्सक्रोना इथे ती अर्धवट बुडालेल्या सांगाड्याच्या रूपात सापडली. लाकडी नौकेचं हे एरवीचं मरण. पण नॉर्वेने तिला परत नेलं, नव्याने उभी केली आणि ८ मे १९८७ रोजी, नॉर्वेच्या मुक्तिदिनी, ती पुन्हा नौदलाकडे संग्रहालय-नौका म्हणून आली. धक्क्याला बांधून न ठेवता तिला समुद्रातही नेतात.