तुटलेला बोल्ट इझी-आऊटनं निघतोच?

‘बोल्ट तुटला? भोक पाडा, इझी-आऊट ठोका, फिरवा, निघतोच!’ नागपुरातल्या गॅरेजांत हे वर्षानुवर्षं ऐकतो आहे. इझी-आऊट म्हणजे तुटक्या बोल्टच्या भोकात रुतवून उलटं फिरवायचं निमुळतं हत्यार. हे अर्धंच खरं आहे. नुसता जास्त कसल्यानं तुटलेला बोल्ट तसा निघतो. पण गंजून जाम झालेला एक्झॉस्टचा स्टड, म्हणजे धुराची नळी इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) धरून ठेवणारा, डोकं नसलेला बोल्ट? जो आपल्या पूर्ण जाडीनिशी फिरला नाही, तो त्याहून बारीक इझी-आऊटनं कसा फिरेल? वर ते निमुळतं, म्हणून बोल्टला आतून फुगवून आणखी घट्ट बसवतं. ते आत तुटलं तर फारच वाईट: कडक पोलादाचं असल्यानं साधा ड्रिल त्यावर घसरतो आणि बाजूचं हेडचं मऊ ॲल्युमिनियम खातो.

वाडीतल्या एका मिस्त्रीभाऊंनी माझ्यासमोर काय केलं? तुटक्या टोकावर नट ठेवला, नटाच्या पोटातून वेल्डिंग भरलं. लाली ओसरू दिली. मग पाना थोडा पुढे, थोडा मागे, मध्ये तेलाचे थेंब. करकरत स्टड बाहेर आला.

ताकदीपेक्षा इथं उष्णतेनं काम केलं. तापून फुगलेला आणि थंड होताना आकसलेला स्टड गंजाची पकड सोडतो. गॅसनं तापवायचं असेल तर मात्र भोवतालचं हेड तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्टडभोवतीचं भोक सैल होतं.