गावठी की गावरान: नॅस्कारच्या प्रेक्षकाची पार्श्वभूमी

नॅस्कार ही अमेरिकेतली मोटार-शर्यती भरवणारी संघटना. तिथे कुणी 'नॅस्कारचा चाहता' म्हटलं की ऐकणाऱ्यासमोर एक ठरलेला माणूस उभा राहतो: पिकअप ट्रक, बिअरने भरलेला कूलर, बाह्या कापलेला टीशर्ट, दक्षिणी हेल. त्या माणसाला 'रेडनेक' हे नावही लगेच लागतं. हा माणूस आणि ही शर्यत यांची सांगड कशी पडली हे पाहायचं तर आधी त्या शब्दाचा गुंता सोडवायला हवा.

उन्हात राबून मान भाजलेल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्याला हा शब्द दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लागला होता. लावणारेही गोरेच होते, फक्त चार पैसे बाळगून असलेले. १९२१ साली वेस्ट व्हर्जिनियात ब्लेअर माउंटनच्या लढ्यात उतरलेल्या कोळसा खाणकामगारांनी ओळख म्हणून गळ्यात लाल रुमाल बांधले, आणि त्यांनाही हेच नाव चिकटलं. एकीकडे शिवी, दुसरीकडे लढ्याची खूण. मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर 'गावठी' म्हणावं लागेल. पण आपल्याकडे माणूस 'गावठी' असला की नाकं मुरडली जातात आणि कोंबडी 'गावरान' असली की भाव चढतो. इंग्रजीत ही दोन्ही कामं तो एकच शब्द करतो. शहरातल्या साहेबाच्या तोंडी तो 'गावठी' असतो आणि स्टँडमध्ये बसलेल्याच्या टोपीवर 'गावरान'. छापणाऱ्या कंपनीला काय, दोन्ही चालतं.

'गावठी'चा आपल्याकडचा तिसरा अर्थही इथे लागू पडतो, कारण या खेळाच्या दंतकथेची सुरुवात दारूपासूनच होते. १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावरही कर चुकवण्यासाठी नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या डोंगराळ भागात हातभट्ट्या पेटत राहिल्या. माल रात्रीतून शहरात पोचवायचा असे. त्यासाठी गाडी दिसायला साधी, इंजिनाला दमदार आणि मागच्या स्प्रिंगांना भक्कम हवी. दारूच्या वजनाने गाडीची मागची बाजू खाली बसली तर पोलिसांनी लांबूनच ओळखलं असतं.

त्या स्प्रिंगांनीच पहिला वाद घातला. १९ जून १९४९ रोजी शार्लटला नॅस्कार या नव्या संघटनेची पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत झाली. 'स्टॉक' म्हणजे विक्रेत्याकडे मिळते तशी, हात न लावलेली गाडी. पहिली आलेली फोर्ड तपासणीत बाद झाली, कारण तिच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार होता, आणि ही गाडी दारूच्या फेऱ्या करून आलेली होती. विजय कॅन्ससहून आलेल्या ड्रायव्हरला देण्यात आला. फोर्डच्या मालकाने १० हजार डॉलरचा दावा लावला, तो न्यायाधीशांनी फेटाळला. नियम लावण्याचा अधिकार संघटनेचा, हे त्यामुळे पक्कं झालं. ही गोष्ट सहसा गंमत म्हणून सांगितली जाते, पण तिचा अर्थ फारसा कुणी काढत नाही. पहिल्याच दिवशी संघटनेने हातभट्टीवाल्याची गाडी दाराबाहेर काढली, आणि २०१० साली त्याच शार्लटमध्ये सन्मान-संग्रहालय उघडलं तेव्हा आत भट्टी मांडली. त्या वर्षी सन्मान मिळालेल्या पहिल्या पाच जणांत एक जण असा होता, की ज्याने वडिलांच्या भट्टीवर पकडला गेल्यामुळे पन्नासच्या दशकात तुरुंगवास भोगला होता आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्षांनी ज्याला माफी दिली होती.

सुरुवातीचा प्रेक्षक मात्र दारूवाला नव्हता. दक्षिणेतल्या डोंगरपायथ्याच्या पीडमाँट पट्ट्यातल्या कापडगिरण्यांत काम करणारे लोक तिथे मोठ्या संख्येने यायचे. आठवडाभर मुकादमाच्या नजरेखाली दुसऱ्याचं यंत्र चालवणाऱ्याला, आपल्या दारातल्या गाडीसारखीच गाडी ताशी शंभर मैलांनी वळणावर आडवी होताना पाहण्यात काय मिळत असेल, हे गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. दंतकथेत मात्र गिरणी मागे पडली, दारूवाला पुढे आला. त्याच्या प्रतिमेला मोठा हातभार लागला १९६५ साली, जेव्हा न्यूयॉर्कच्या एका मासिकाने एका माजी दारूवाहक ड्रायव्हरवर लांबलचक लेख छापला आणि उत्तरेकडच्या वाचकाला एक रांगडा नायक मिळाला. म्हणजे ही प्रतिमा काही प्रमाणात बाहेरच्यांनी, तेही कौतुकाने, घडवली.

त्या कौतुकात जे दिसत नाही ते असं. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला एका काळ्या ड्रायव्हरने सर्वोच्च पातळीची शर्यत जिंकली. विजयाचा झेंडा दुसऱ्यालाच दाखवला गेला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, मोजणीतली चूक मान्य झाली. मैदानावरच्या सोहळ्याची ट्रॉफी त्याला हयातीत मिळाली नाही. कुटुंबाच्या हाती ती २०२१ साली पडली, त्याच्या मृत्यूनंतर जवळपास ३१ वर्षांनी. डार्लिंग्टनसारख्या ट्रॅकवर त्या काळात दक्षिणेच्या बंडाचा, म्हणजे गुलामगिरी राखायला देशातून फुटलेल्या राज्यांचा, ध्वज हा सोहळ्याचाच भाग होता. तेव्हा 'ध्वज फक्त प्रेक्षकांनी आणला' असं म्हणणं आयोजकांच्या सोयीचं आहे, खरं नाही.

पुढची वर्षं झपाट्याने गेली. १९७१ पासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली आणि तो पैसा शर्यतीकडे वळला. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी डेटोना ५०० ही मोसमातली सर्वांत मानाची शर्यत पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली गेली. पूर्वेकडे हिमवादळ होतं, लोक घरातच अडकलेले, आणि शेवटच्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळून ड्रायव्हर गवतात हातघाईवर आले. याहून चांगली जाहिरात पैसे देऊन करता आली नसती.

'नुसतं डावीकडे वळत राहणं' ही टिंगल जुनी आहे. ट्रॅकवर बसलेला चाहता मात्र हेडफोनवर ड्रायव्हर आणि त्याच्या चमूचं बोलणं ऐकत असतो: टायर किती झिजले, इंधन पुरेल का, आता आत यायचं की आणखी दोन फेऱ्या काढायच्या. डेटोनाला तर एकटी गाडी मागेच पडते. कुणाच्या तरी पाठीला चिकटून हवा कापावी लागते, आणि ज्याच्या मदतीने पुढे गेलात त्यालाच शेवटी दगा द्यायचा असतो. शिवाय नंबरावरची निष्ठा. २००१ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या फेरीत काळ्या ३ नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर अपघातात गेला, तेव्हापासून त्या मोसमात तिसऱ्या फेरीला स्टँड उभं राहायचं, तीन बोटं वर करून, मुकाट. त्या गर्दीला आडदांड म्हणणाऱ्याने हे पाहायला हवं होतं.

२००१ च्या देशव्यापी टीव्ही-करारानंतर संघटनेला नवा प्रेक्षक हवा होता आणि राजकारण्यांना जुना. निवडणुकीच्या भाषेत 'नॅस्कार डॅड', म्हणजे कामगारवर्गातला गोरा बापमाणूस मतदार, हा शब्द आला. २००४ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष स्वतः डेटोनाला हजर राहिले. त्याच वर्षी दक्षिणेतल्या रॉकिंगहॅमला शेवटची मोठी शर्यत झाली, आणि १९५० पासून डार्लिंग्टनची म्हणून ओळखली जाणारी सप्टेंबरातल्या अमेरिकी कामगार दिनाची तारीख कॅलिफोर्नियाला गेली. ती परत यायला २०१५ उजाडलं. २००६ साली एका वृत्तवाहिनीने मुस्लिम दिसणाऱ्या माणसांना कॅमेऱ्यासह मार्टिन्सव्हिल ट्रॅकच्या गर्दीत पाठवलं, प्रेक्षक काय करतात ते टिपायला. त्यांना कुणीच त्रास दिला नाही, असं संघटनेने सांगितलं. पूर्वग्रह शोधायला पूर्वग्रह घेऊनच गेलं की असं होतं.

ध्वजाचा प्रश्न त्यामुळे मिटला नाही. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने केलेल्या काळ्यांच्या हत्याकांडानंतर 'तो आणू नका' अशी विनंती झाली. १० जून २०२० रोजी बंदी आली, तीही मार्टिन्सव्हिलला रिकाम्या स्टँडसमोर, महामारीच्या दिवसांत. सर्वोच्च मालिकेत पूर्णवेळ धावणाऱ्या एकमेव काळ्या ड्रायव्हरने जाहीरपणे तशी मागणी केली होती. पंधरवड्याच्या आत टॅलडेगाच्या ट्रॅकबाहेर गाड्यांवर तेच ध्वज फडकले, आकाशातून विमानाने एक फिरवला, आणि त्या ड्रायव्हरच्या गॅरेजमध्ये फासासारखी दोरी सापडली, काळ्यांना फासावर टांगणाऱ्या झुंडींची आठवण करून देणारी. दुसऱ्या दिवशी सगळ्या ड्रायव्हरांनी त्याची गाडी ढकलत पुढे नेली. तपासात निघालं की शटर ओढायची ती दोरी २०१९ च्या ऑक्टोबरपासून तिथेच होती. विरोधकांनी त्यालाच खोटारडा ठरवलं, वास्तविक दोरी त्याने पाहिलीही नव्हती, त्याला सांगण्यात आली होती.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच टॅलडेगाला दोन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २ तारखेला दुय्यम मालिकेतल्या ब्रँडन नावाच्या विजेत्याची मुलाखत चालू असताना गर्दीने राष्ट्राध्यक्षांना घातलेली शिवी वार्ताहराने 'लेट्स गो ब्रँडन' अशी सांगितली. ४ तारखेला तोच काळा ड्रायव्हर पावसाने आखूड झालेली शर्यत जिंकला, सर्वोच्च मालिकेत काळ्या ड्रायव्हरचा १९६३ नंतरचा पहिलाच विजय. यातली पहिली गोष्ट जगभर टीशर्टांवर गेली.

२०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर शर्यत झाली आणि पदार्पणातच न्यूझीलंडच्या पाहुण्याने ती जिंकली. त्याच वर्षी, १९९६ नंतर गवत वाढलेल्या नॉर्थ विल्क्सबरोच्या ट्रॅकवर मोठ्या गाड्या परतल्या. पुढच्या वर्षी तिथल्या स्टँडखाली सुमारे ७०० चौरस फुटांची पोकळी सापडली. तिथे भट्टी होती याचा पुरावा नव्हता. तरी ट्रॅकने फोटोंसह बातमी दिली ती हातभट्टीच्या नावानेच.